घरची फुलं आणि पाला वाळवताना बुरशी का येते? केळव्यासारख्या किनाऱ्यावर काय वेगळं करावं लागतं?

गोकर्णाचा निळा चहा, बरणीत भरलेल्या गुलाबपाकळ्या, स्वयंपाकघरात उलट्या टांगलेल्या पुदिन्याच्या जुड्या. सोशल मीडियावर असे रील रोज दिसतात. 'तीन दिवस पंख्याखाली ठेवा, बरणीत भरा, वर्षभर वापरा' एवढ्यावर ते संपतात.

पुण्यात किंवा नाशिकमध्ये एप्रिल महिन्यात ही कृती जमून जाते. पण पालघर जिल्ह्यातल्या केळव्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात तीच कृती जुलैमध्ये केली, तर पंधरा दिवसांत बरणीच्या तळाशी पांढरट जाळं दिसू लागतं. पाला तोच, पंखाही तोच, मग फरक कुठे पडतो?

फरक हवेत असतो. आणि प्रश्न फक्त बरणीभर पुदिना फुकट जाण्याचा नाही. बुरशी आलेला पाला चहातून किंवा मसाल्यातून पोटात गेला, तर तब्येतीलाही त्रास होऊ शकतो. म्हणून घरच्या कुंडीतली किंवा वाडीतली फुलं आणि पाला सुरक्षितपणे कसा वाळवायचा, ते नीट समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- वाळवणं म्हणजे पान कुरकुरीत करणं नव्हे, तर बुरशीला वापरता येईल एवढं पाणी त्यात शिल्लक न ठेवणं.
- हवाच दमट असेल, तर उघड्यावर ठेवलेलं पान कितीही दिवस ठेवलं तरी पुरेसं वाळत नाही.
- सुवासाची पानं आणि रंगाची फुलं सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत.
- बरणीत भरल्यावर पहिले सात दिवस रोज तपासावं.
- बुरशी दिसली तर वरचा भाग काढून बाकीचा वापरू नये. सगळं टाकून द्यावं.

वाळवणं म्हणजे नेमकं काय?

ताज्या पुदिन्याच्या वजनात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो पुदिन्यात खरा 'पाला' फक्त १५० ग्रॅम. तो नीट वाळवून त्यात दहा टक्के ओलावा उरला, तर हातात साधारण १६५ ग्रॅम माल येतो. घरच्या दोन-तीन कुंड्यांमधून एवढीशीच बरणी का भरते, याचं उत्तर या हिशोबात आहे.

पण सगळं पाणी काढायची गरज नसते. बुरशी आणि जिवाणूंना वाढण्यासाठी मोकळं पाणी लागतं. ते किती आहे, हे मोजण्यासाठी अन्नशास्त्रात ० ते १ अशी एक मोजपट्टी वापरतात. तिला 'पाण्याची क्रियाशीलता' म्हणतात. शुद्ध पाण्याची क्रियाशीलता १ असते. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. बुरशी त्याहून चिवट असते, पण ०.६ च्या खाली तीही थांबते. म्हणून वाळवणाचं खरं लक्ष्य ०.६ हे आहे.

आता यातली मुख्य गोष्ट. उघड्यावर ठेवलेलं पान आजूबाजूच्या हवेशी बरोबरी साधतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर पानाची क्रियाशीलता ०.६ पर्यंत उतरते आणि तिथे थांबते. आर्द्रता ८५ टक्के असेल, तर ती ०.८५ लाच थांबते. पान हाताला सुकल्यासारखं लागतं, पण बुरशीसाठी ते अजून ओलंच असतं.

'आठ दिवस ठेवलं तरी खराब झालं' ही तक्रार त्यामुळेच येते. चूक दिवस मोजण्यात नसते. त्या हवेत पान त्याहून जास्त वाळूच शकत नाही.

किनाऱ्यावर हे जास्त अवघड का?

केळव्याला एका बाजूला अरबी समुद्र, सुरूची झाडं आणि दुसऱ्या बाजूला नारळ, सुपारी, केळी आणि पानवेलींच्या वाड्या आहेत. वाड्यांना सतत पाणी असतं, झाडांची सावली दाट असते. त्यामुळे वाडीतल्या घराभोवतीची हवा आधीच ओलसर असते.

त्यात भर मिठाची. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अगदी बारीक कण असतात. ते पानांवर, फुलांवर, वाळवणाच्या कापडावर बसतात. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळू लागतं. किनाऱ्यावरच्या घरांत पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, ते यामुळेच. पानावर बसलेला मिठाचा थरही तेच करतो.

उपाय सोपा आहे. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी झाडावरच गोड्या पाण्याचा फवारा मारून पानं धुऊन काढावीत. रात्रभर ती निथळतात आणि सकाळी तोडताना वेगळं धुवावं लागत नाही. मातीजवळच्या पुदिन्यासारख्या झाडाची पानं मात्र तोडल्यावर पुन्हा धुवावीत आणि पंचावर पसरून पाणी पूर्ण टिपून घ्यावं.

बोईसर-तारापूरच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. तारापूर हे मोठं औद्योगिक क्षेत्र आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गंभीर प्रदूषित ठरवलेल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये त्याचा समावेश झालेला आहे. कारखान्याजवळच्या किंवा वाहत्या रस्त्याकडेच्या गच्चीवर खाण्याचा पाला उघडा वाळवू नये. पान वाळताना आकसतं आणि त्यावरची धूळ मागे राहते. अशा ठिकाणी घरात, खिडकीच्या आत पंख्याखाली वाळवणं बरं.

कधी वाळवावं?

हवामान विभागाच्या सरासरीनुसार मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला पोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. पालघरच्या किनाऱ्यावरही हिशोब दोन-चार दिवसांच्या फरकाने हाच. म्हणजे वर्षातले चार महिने उघड्यावरच्या वाळवणासाठी बाद.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सगळ्यात चांगला काळ. जमिनीवरून येणारे वारे कोरडे असतात, उकाडा कमी असतो. पानांचा वास आणि फुलांचा रंग टिकतो. गवती चहा, तुळस, कढीपत्ता, गुलाब, गोकर्ण यांचं वर्षाचं काम याच काळात उरकावं.

मार्च ते मे: घरोघरी पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या यांचं वाळवण चालतं तो काळ. ऊन भरपूर असतं, पण किनाऱ्यावर दमटपणाही वाढत जातो. जाड आणि कडक गोष्टींसाठी ठीक, नाजूक पाकळ्यांसाठी ऊन फार तीव्र.

ऑक्टोबर: दसरा-दिवाळीचा झेंडू या काळात घरात येतो. पाऊस गेलेला असतो, पण जमिनीत आणि हवेत ओल असते. पाकळ्या सुट्या करून पसरल्या तर काम होतं.

दिवसातली वेळही महत्त्वाची. दव सुकल्यावर, ऊन चढण्याआधी तोडणी करावी. संध्याकाळी सूप, परड्या न चुकता घरात घ्याव्यात. रात्री तापमान उतरतं, तशी हवेची आर्द्रता वाढते आणि दिवसभर गमावलेलं पाणी पान परत ओढून घेतं. सातपाटीसारख्या जवळच्या कोळीवाड्यांत मासळी वाळवणारेही दवापासून आणि अवकाळी पावसाच्या सरीपासून माल जपतात. कारण हेच.

ऊन की सावली?

मिरची, आमसूल, सांडगे यांना कडक ऊन चालतं. सुवासाचा पाला आणि रंगीत फुलं यांचं गणित वेगळं.

तुळशीचा वास युजेनॉलसारख्या, गवती चहाचा सिट्रालसारख्या तेलांमुळे येतो. ही तेलं उडून जाणारी असतात. पान जितकं तापेल, तितका वास हवेत जातो आणि बरणीत गवत उरतं. हिरवा रंग देणारं हरितद्रव्य आणि गोकर्ण-जास्वंदीला रंग देणारं अँथोसायनिन ही दोन्हीही उन्हात फिकी पडतात.

म्हणून पाल्यासाठी ३५ ते ४५ अंश सेल्सियस तापमान, अंधार किंवा मंद उजेड आणि खेळता वारा ही तिन्ही लागतात. घराचा माळा, पडवीचा कोपरा, पत्र्याखालची हवेशीर जागा यासाठी उत्तम. पत्रा तापतो, त्यामुळे खालची हवा गरम होते पण ऊन थेट लागत नाही.

गरम हवेचा उपयोग का होतो, हेही पाहूया. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे असं धरा. हीच हवा ४१ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता साधारण ४४ टक्क्यांवर येते. म्हणजे हवा दहा-अकरा अंशांनी तापली की आर्द्रता जवळपास निम्मी होते. दमट गावात नुसता पंखा पुरत नाही, थोडी ऊब लागते, ते यासाठी.

वाळवायचं कसं? एकेक पायरी

१. निवड. किडकी, पिवळी, डाग पडलेली पानं बाजूला काढा. तुळस, पुदिना यांची तोडणी फुलोरा येण्याआधी करा, तेव्हा पानांत वास जास्त असतो. फुलं नुकतीच उमललेली घ्या.

२. पाणी टिपणं. धुतलेली पानं सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने हलकेच दाबा. चोळू नका. चुरगळलेली तुळस आणि पुदिना काळा पडतो.

३. पसरणं. सूप, वेताची परडी, चाळण किंवा लाकडी चौकटीवर ताणलेली मच्छरदाणी वापरा. खालूनही हवा लागली पाहिजे. पानांचा एकच थर असावा. ताटात वाळवलं तर खालची बाजू ओली राहते.

४. झाकणं. वरून जुन्या सुती साडीचा किंवा मलमलचा एक पदर टाका. धूळ, माश्या आणि ऊन तिन्ही अडतं.

५. वारा. पंखा मंद ठेवा आणि तोंड थोडं बाजूला करा. दिवसातून दोनदा हाताने वर-खाली करा.

६. टांगणं. लांब देठाच्या जुड्या बांधायच्या असतील तर एका जुडीत आठ-दहाच काड्या घ्या आणि दोऱ्याऐवजी रबर लावा. देठ वाळून बारीक होतात, तेव्हा दोरा सैल पडतो. रबर घट्ट राहतं.

खाण्याच्या वस्तू वर्तमानपत्रावर वाळवू नयेत. छपाईच्या शाईत आरोग्याला घातक घटक असू शकतात. अन्न वर्तमानपत्रात बांधू किंवा ठेवू नये, अशा सूचना भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, दिलेल्या आहेत.

कोणतं झाड कसं वाळवावं?

गवती चहा: पाती धुऊन, पुसून कात्रीने बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. सावलीत तीन-चार दिवस. अख्खी पाती लवकर वाळत नाहीत.

कढीपत्ता: डहाळीसकट पसरा आणि वाळल्यावर पानं ओरबाडून घ्या. जाड असल्याने वास बऱ्यापैकी टिकतो.

तुळस आणि पुदिना: पानं सुटी करा. पुदिन्याची पानं पातळ असतात, पण पाणी जास्त, त्यामुळे बुरशी सगळ्यात आधी यालाच येते. पहिल्याच दिवशी भरपूर वारा द्या.

शेवग्याचा पाला: बारीक पानं सावलीत दोन दिवसांत वाळतात. पूड करायची असेल तर देठ पूर्ण काढा.

गोकर्ण: फुलामागचा हिरवा देठ काढून टाका. ओलावा तिथेच अडकतो. या चहात लिंबू पिळलं की निळा रंग जांभळा होतो. त्यात जादू नाही, आंबटपणामुळे अँथोसायनिन रंग बदलतं.

जास्वंद: पाकळ्या सुट्या करा, मधली दांडी काढा. पाकळ्यांत चिकट द्रव असतो, म्हणून वेळ जास्त लागतो. केसांच्या तेलासाठी वापरायची असेल तर पूर्ण वाळवूनच तेलात टाका. पाणी राहिलं तर तेल खवट होतं. आणि एक गैरसमज: बाजारात मिळणारा लाल, आंबट 'हिबिस्कस टी' अंगणातल्या जास्वंदीचा नसतो. तो लाल अंबाडीच्या फुलामागच्या मांसल पाकळीसारख्या भागाचा असतो.

गुलाब: घरचा, फवारणी न केलेला गावठी गुलाब घ्या. हारवाल्याकडचा किंवा फुलबाजारातला गुलाब खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर कीटकनाशकं असू शकतात. तो शोभेसाठीच वाळवा.

झेंडू: पाकळ्या उपटून पसरा. अख्खं फूल बाहेरून वाळतं आणि आत कुजतं. रंगोळीसाठी, कापड रंगवण्यासाठी उपयोगी. परदेशी मलमांवर दिसणारं 'कॅलेंड्युला' हे वेगळं झाड आहे. आपला झेंडू ते नव्हे.

मोगरा: वाळवून वास टिकवायचा असेल तर निराशा होईल. मोगऱ्याचा सुगंध कळी उमलताना बाहेर पडतो, वाळल्यावर फारसा उरत नाही. म्हणूनच मोगऱ्याचा चहा करताना वाळलेली फुलं टाकत नाहीत, तर चहाच्या पानांत ताजी फुलं थरांनी ठेवून वास मुरवतात आणि मग ती पानं पुन्हा वाळवतात.

बकुळ: याच्या उलट. बकुळीची फुलं सुकली तरी वास देत राहतात. कपाटात, वहीत ठेवायला याहून सोपं फूल नाही.

कोथिंबीर आणि पानओवा: वाळवू नका. कोथिंबिरीचा वास जातो आणि पानओव्याची जाड, रसाळ पानं वाळण्याआधी काळी पडतात. दोन्ही ताजीच वापरावीत.

पावसाळ्यात वाळवायचंच असेल तर?

एसीची खोली: एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढतो. एसी चालू असलेल्या बंद खोलीत परडी आणि पंखा ठेवला तर जुलैतही पान वाळतं. वेगळा एसी लावण्याची गरज नाही, रात्री झोपताना तो चालू असतोच.

फ्रिज: बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमधली हवा कोरडी असते. कागदी टॉवेलवर पानांचा एक थर उघडा ठेवला तर आठवड्याभरात वाळतो. रंग छान राहतो, पण इतर पदार्थांचे वास लागू शकतात.

ओव्हन: सगळ्यात कमी तापमान, शक्यतो ५० अंशांच्या आत, आणि दार बोटभर उघडं. वाफ बाहेर गेली नाही तर पान शिजतं.

मायक्रोवेव्ह: दोन कागदी टॉवेलांमध्ये थोडीच पानं ठेवून २० ते ३० सेकंदांच्या फेऱ्या करा. प्रत्येक फेरीनंतर तपासा. पाणी संपल्यावरही फिरवत राहिलात तर पान पेट घेऊ शकतं. मायक्रोवेव्ह सोडून दुसरीकडे जाऊ नका.

एअर फ्रायर: जपून. अनेक मॉडेलमध्ये तापमान पुरेसं खाली येत नाही. शिवाय आतला पंखा जोरात असतो, हलकी पानं उडून तापलेल्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. वरून जाळी ठेवल्याशिवाय वापरू नये.

वाळलं की नाही, कसं ओळखायचं?

पान बोटांत धरून चुरलं तर कुरकुरीत आवाज होऊन चुरा झाला पाहिजे. वाकलं, चिवट लागलं तर अजून वेळ आहे. देठ वाकत नाही, मोडतो. पाकळी कागदासारखी लागते.

ही झाली हाताची परीक्षा. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर त्याहून भरवशाचा मार्ग आहे. वाळवण्याआधी वजन करा आणि शेवटी चार-चार तासांच्या अंतराने पुन्हा करा. लागोपाठ दोनदा वजन सारखं आलं, तर त्या हवेत पान जेवढं वाळणार तेवढं वाळलं. पण लक्षात ठेवा, 'त्या हवेत'. बाहेर पाऊस असेल तर ते पुरेसं नाही. १०० ग्रॅम पुदिन्याचे १७ ग्रॅमच्या आसपास उरायला हवेत. २५ ग्रॅमवरच थांबलं असेल, तर पंख्याचं काम संपलं, आता ऊब द्यावी लागेल.

बरणी भरल्यावरचे सात दिवस

बहुतेक जण इथे घाई करतात. परडीतली सगळी पानं सारखी वाळलेली नसतात. म्हणून पान पूर्ण गार झाल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत दोन तृतीयांशच भरा आणि घट्ट झाकण लावा. सात दिवस रोज बरणी हलवा आणि उजेडात धरून पाहा.

काचेच्या आत धुकं किंवा थेंब दिसले, पानं एकमेकांना चिकटली, तर लगेच बाहेर काढून पुन्हा वाळवा. सात दिवस काही दिसलं नाही, तर बरणी तारीख लिहून कपाटात, अंधाऱ्या जागी ठेवा. गॅसच्या वरची फळी टाळा. भाजी-आमटीची वाफ तिथेच जाते.

पानं अख्खी ठेवा, वापरायच्या वेळी चुरा. पूड केली की वास लवकर उडतो. सहा महिने ते वर्षभरात संपवा. जूनपासून मोठी बरणी सारखी उघडू नये, महिन्याचा माल छोट्या डबीत काढून घ्यावा. पोरकिडे लागण्याची भीती असेल तर बंद डबा तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवून, बाहेर काढल्यावर पूर्ण गार गेल्यावरच उघडावा.

स्वयंपाकात प्रमाण बदलतं, हेही ध्यानात असू द्या. ताज्या पाल्याचे तीन चमचे म्हणजे वाळलेल्याचा एक चमचा.

बुरशी आलीच तर?

टाकून द्या. सगळी बरणी.

दिसते ती बुरशी म्हणजे तिचा शेंडा. तिचे तंतू डोळ्यांना न दिसता बाकीच्या पाल्यात गेलेले असतात. ॲस्परजिलस गटातल्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. शेंगदाणे, मका, मिरची, मसाले यांत ते सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि ते यकृताला घातक आहे. नेहमीच्या उकळण्या-भाजण्याने ते नष्ट होत नाही. म्हणून 'ऊन दाखवून घेऊ' किंवा 'चहात उकळणारच आहे' हा युक्तिवाद चालत नाही. वास कुबट असेल, पण बुरशी दिसत नसेल, तरीही तोच नियम.

कोणती फुलं चहात अजिबात नकोत?

अंगणात आहे आणि सुंदर आहे म्हणून फूल खाण्याजोगं होत नाही. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) यांच्या सगळ्या भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष असतं. धोतरा मेंदूवर परिणाम करतो. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधं बनतात, म्हणूनच तिची पानं-फुलं घरी उकळून पिणं धोक्याचं आहे. घाणेरीही नको. वाळवल्याने ही विषं जात नाहीत.

यातलं काही चुकून पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि झाडाची डहाळी सोबत न्यावी. डॉक्टरांना ओळखायला मदत होते.

खाण्याजोग्या झाडांचाही काढा औषध म्हणून रोज घ्यायचा असेल, तर गरोदर महिलांनी आणि नियमित औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

शोभेसाठी फुलं वाळवायची असतील तर?

इथे वर्तमानपत्र चालतं, उलट उपयोगीच पडतं. फूल कागदांच्या घडीत ठेवून वर जड पुस्तकं ठेवा आणि पहिला आठवडा रोज कागद बदला. वनस्पतिशास्त्रज्ञ नमुने याच पद्धतीने जपतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये शंभर वर्षांपूर्वी वाळवलेल्या वनस्पती आजही अभ्यासाला मिळतात.

फुलाचा आकार तसाच हवा असेल तर सिलिका जेल वापरतात. डब्यात फूल ठेवून सगळीकडून जेल ओततात आणि झाकण लावतात. तीन ते सात दिवसांत फूल वाळतं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने अशा वाळवलेल्या फुलांच्या वस्तू बनवण्याचं तंत्र विकसित करून लोकांना शिकवलं आहे. निळ्या रंगाच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला घातक आहे. नारिंगी किंवा पांढरं घ्या, आणि त्यात वाळवलेलं फूल कधीही खाण्यात वापरू नका. किनाऱ्यावरच्या घरात अशी फुलं उघड्यावर ठेवली तर पहिल्याच पावसात मान टाकतात. काचेच्या बंद चौकटीत ठेवावीत.

यातून कमाई होऊ शकते का?

कोकणात फुलं वाळवून विकण्याची जुनी उदाहरणं आहेत. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात सुरंगीच्या कळ्या उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे काढून वाळवतात आणि व्यापाऱ्यांना विकतात. अत्तर आणि सुगंधी वस्तूंसाठी त्यांना मागणी असते. आपल्या मसाल्यातली लवंगही वाळवलेली कळीच. दगडफूल मात्र नावालाच फूल, ते दगडफुलाचं शेवाळासारखं वाढणारं लायकेन असतं.

वाळवणाला यंत्राची जोड मिळाल्यावर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे 'एस फॉर एस टेक्नॉलॉजीज'. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि सहकाऱ्यांनी सौर वाळवणी यंत्र बनवलं. मराठवाड्यासह राज्यातल्या ग्रामीण महिला त्यावर कांदा आणि इतर भाज्या वाळवतात. या कामाला २०२३ मध्ये 'अर्थशॉट' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

केळव्यात पर्यटकांची ये-जा असते, घरगुती निवास-न्याहारीची सोय करणारी घरं आहेत. तिथे गवती चहाची पुडी किंवा गोकर्णाची डबी विकली जाऊ शकते. पण खाण्याची वस्तू विकायची तर व्यवसाय घरगुती असला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकिटावर नाव, वजन, बनवल्याची तारीख हे तपशील द्यावे लागतात. 'मधुमेह बरा होतो', 'वजन घटतं' असे दावे छापता येत नाहीत. तांत्रिक सल्ल्यासाठी डहाणू तालुक्यातलं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पालघरमधलं संशोधन केंद्र जवळ आहेत.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्यांदाच करत असाल तर नोव्हेंबरची वाट पाहा आणि गवती चहापासून सुरुवात करा. तो सहज वाळतो, चुकला तर लगेच कळतो आणि घरात रोज लागतो. ५० ग्रॅमच घ्या, वजन लिहून ठेवा, सात दिवस बरणी तपासा. एकदा आपल्या घरातली हवा कळली की मग गोकर्ण, गुलाब, पुदिना. रीलमध्ये सांगितलेले तीन दिवस कुणाच्या तरी दुसऱ्या गावचे असतात. तुमच्या घराचे किती, ते तुमचा वजनकाटा सांगेल.